पत्र्याखालची माती

महादेवी मॅडम,

गेल्या आठवड्यात सकाळी सोलापुरात आणि अक्कलकोटच्या बाजूला जमीन किंचित हलली. फळीवरची भांडी वाजली, काही लोक घराबाहेर आले आणि पुन्हा आत गेले. बातमी एवढीच होती. सवयीने मी फोन उचलून तुमचा नंबर लावला. रिंग वाजत राहिली तेव्हा लक्षात आले, की तुम्हाला माती देऊन परतल्याला अजून फार दिवस झालेले नाहीत. तुमचा फोन बसवराजने, तुमच्या धाकट्या भावाने, चालू ठेवला आहे. त्याने उचलला. ‘अक्का न्हाई,’ म्हणाला. मग आवाज ओळखून म्हणाला, ‘तुमालाबी सवय लागली की.’

दुपारपर्यंत मोबाइलवर वेगळीच बातमी फिरू लागली. एआयने म्हणे सांगितले होते, की मोठा धक्का त्याच दिवशी बसणार. कोणत्या एआयने, कुणाला सांगितले, याचा पत्ता नव्हता. तरी जुळे सोलापुरात एका सोसायटीने गच्चीवरची पाण्याची टाकी रिकामी करायला घेतली. पेपरच्या डेस्कवरच्या सहकाऱ्याने विचारले, ‘मॅडमची प्रतिक्रिया घ्यायची ना?’ मग त्यालाच आठवले. मी त्याला तुमचे नेहमीचे म्हणणे लिहून दिले. भूकंप कधी येईल हे आज कुणालाही सांगता येत नाही, माणसाला नाही आणि यंत्रालाही नाही. आला तर कोणते घर पडेल हे मात्र बऱ्यापैकी सांगता येते, आणि करण्यासारखे काम तिथेच आहे. ते छापले. खाली नाव देता आले नाही.

आपली ओळख याच मुद्द्यावरून झाली, म्हणजे भांडणातून. तुम्ही अभियांत्रिकी महाविद्यालयात बांधकाम शिकवत होता. तुम्ही आणि तुमच्या तरुण सहकारी सना मॅडम भूकंपमापकाच्या नोंदी संगणकाला वाचायला शिकवत होता. आमच्या पानावर त्याची बातमी आली आणि मथळा लागला, ‘भूकंप आता आधीच कळणार’. दुसऱ्या दिवशी तुम्ही तो अंक काखेत धरून नवी पेठेतल्या आमच्या कार्यालयाचा जिना चढून आलात. खुर्ची ओढून बसलात.

‘तारीख द्या.’

‘कसली?’

‘भूकंपाची. तुमच्या पेपरात आहे ना, आधीच कळणार म्हणून. तारीख कळली तर रजा टाकते. परीक्षा पुढं ढकलायची का, तेही ठरवता येईल.’

मी म्हणालो, मथळ्याला जागा कमी असते.

‘मग मावेल तेवढंच खोटं लिहायचं, असा नियम आहे का तुमच्यात?’

आख्खे डेस्क हसले. चहा आला. तुम्ही तो बशीत ओतून घेतलात आणि शांतपणे समजावून सांगितलेत. मापक जमिनीची सगळीच थरथर टिपतो. खडीच्या खाणीतला सुरुंग, मालगाडी, साखर कारखान्याची यंत्रे, सगळे त्याच्या रेघांत उतरते. त्यातून जमिनीच्या पोटातली बारीक थरथर वेगळी काढायला पूर्वी माणूस दिवसच्या दिवस रेघा बघत बसायचा. संगणक ते काम चटकन करतो, आणि जमीन कुठे कुठे दुखावलेली आहे याचे चित्र हळूहळू भरत जाते. ‘आमचं यंत्र ऐकायला शिकतंय,’ तुम्ही म्हणालात. ‘पोपटवाल्यासारखं चिठ्ठी काढायला बसलेलं नाही.’

दुरुस्ती छापली. त्या दिवसापासून तुम्ही मला ‘पेपरवाले’ म्हणू लागलात आणि शेवटपर्यंत नावाने हाक मारली नाही. मीही तुम्हाला मॅडमच म्हणत राहिलो. आपण दोघांनीही ‘अहो’ सोडले नाही. आता सोडण्याचे कारण नाही.

तुम्हाला भूकंपापेक्षा घरांची काळजी जास्त का, हे तुम्ही एकदाच सांगितलेत, एसटीत, अक्कलकोटच्या रस्त्यावर. किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा तुम्ही महाविद्यालयात शिकत होता. मैत्रिणींबरोबर मदतीला गेला होता. ‘दिवसभर घमेल्यानं माती उचलत होतो,’ तुम्ही सांगितलेत. ‘मला वाटलं भिंतीची माती आहे. मग कळलं, ती छपराची होती. आमच्याच घरासारखं छप्पर.’

आपल्याकडचे माळवद म्हणजे लाकडी तुळया, त्यावर फळ्या आणि फळ्यांवर माती. पावसाळ्याआधी गळती थांबवायला पांढऱ्या मातीचा नवा थर टाकायचा. दरसाल नवा टाकायचा; जुना काढायचा, हे मात्र कुणाच्या डोक्यातच येत नाही. आजोबांनी टाकलेली, वडिलांनी टाकलेली आणि आपण टाकलेली माती एकाच छपरावर साठत जाते. खाली दगडी भिंती, त्याही चिखलात रचलेल्या. जमीन हलली की भिंती फाकतात आणि पिढ्यांची माती झोपलेल्या माणसांवर येते. हे तुम्ही वर्गात जितक्या वेळा सांगितले असेल, त्याच्या दुप्पट वेळा माझ्या टेबलासमोर बसून सांगितलेत.

म्हणून तुम्ही नकाशा करायला घेतलात. उपग्रहाने वरून काढलेली छायाचित्रे घ्यायची आणि सना मॅडमच्या मॉडेलने घराघराचे छप्पर ओळखून रंग द्यायचा. माळवद असेल तर लाल, हलका पत्रा असेल तर हिरवा. सगळा तालुका पायी फिरायला आयुष्य पुरले नसते; यंत्र तो बसल्या जागी बघणार होते. पहिले गाव तुम्ही तुमचे माहेर निवडलेत. तो नकाशा पडद्यावर आला तेव्हा मी बातमीसाठी तुमच्या खोलीत बसलो होतो.

‘मॅडम, तुमचं गाव तर पास झालं,’ सना मॅडम म्हणाल्या. ‘बघा, बहुतेक हिरवंच.’

तुम्ही माउस हातात घेऊन मठाजवळची गल्ली शोधलीत. एका ठिकाणी थांबलात.

‘बसवराजचं घर हिरवं?’

‘पत्रा आहे मॅडम. एकदम साफ दिसतोय.’

‘पत्रा हाय गं. पत्र्याखाली काय हाय, ते कोन बघनार?’

तुमची बोली बदलली की मी पेन खाली ठेवायचो. वर्गातली मराठी जाऊन गावाकडची आली, म्हणजे तुम्हाला काहीतरी लागले असे समजायचे. मग तुम्ही आम्हाला सांगितलेत. माळवद गळू लागले, की गावाकडे लोक त्याच्यावर पत्रा टाकतात. खालची माती तशीच ठेवतात, कारण उन्हाळ्यात घर तिच्यामुळे गार राहते. वरून बघणाऱ्या यंत्राला पत्रा दिसला. पत्रा म्हणजे हलके छप्पर, हे त्याला तुम्ही दोघींनीच शिकवले होते. यंत्राचे काही चुकले नव्हते. ही रीत त्याला सांगायची राहून गेली होती, आणि राहिली याचे कारण इतकेच, की ती आपल्याला सांगण्यासारखी वाटतच नाही. तुम्ही स्वतः त्या छपराखाली वाढला होता. तुमच्याही लक्षात आले नव्हते.

दुसऱ्याच दिवशी आपण एसटीने तुमच्या माहेरी गेलो. बसवराजने शिडी लावून दिली. पत्रा आणि माळवद यांच्या फटीत हात घातला तर कोपरापर्यंत माती. तुम्ही खाली उतरलात आणि पदराने हात पुसत म्हणालात, ‘ही काढ.’

‘काडतो की. मग मे म्हैन्यात तू हितं पत्र्याखाली ऱ्हायला ये. येतीस?’

‘सगळी काढ म्हणते का मी? वीतभर ठेव. गारवा राहील, वजन जाईल.’

‘वीतभर ठिवायची तरी पत्रा खोलावाच लागनार. अक्का, भूकंप ह्या जन्मात आला तर येईल. ऊन दरसाल येतंय.’

तुमची भावजय गौरम्मा ताटे घेऊन आली. ‘अक्का, ल्येक्चर कालिजात द्यायचं,’ ती म्हणाली. ‘हितं जेवायचं.’

आपण भाकरी आणि शेंगाचटणी खाल्ली. तुम्ही तिच्या चटणीचे कौतुक केलेत आणि छपराचा विषय पुन्हा काढला नाहीत. परतीच्या एसटीत वळसंग येईपर्यंत खिडकीबाहेरची छपरे बघत होता. मग म्हणालात, ‘उन्हाचं त्याचं खरं आहे. मी सांगून त्यानं छप्पर उघडावं, एवढी खात्री माझ्याकडं नाही.’ थोड्या वेळाने म्हणालात, ‘पण रंग चुकलेला आहे. तो तरी मी चुकीचा ठेवणार नाही.’

त्यानंतर तुम्ही जी पद्धत काढलीत, ती मी इतरत्र कुठे पाहिलेली नाही. यंत्राला वरची छायाचित्रे मिळत होती, म्हणून तुम्ही त्याला खालची द्यायचे ठरवलेत. घरात जायचे, मधल्या खोलीत जमिनीवर सरळ आडवे व्हायचे आणि मोबाइल छातीवर धरून वरचा फोटो काढायचा. उभ्याने काढलेल्या फोटोत अर्धी भिंतच येते, असे तुमचे म्हणणे होते. शनिवारी-रविवारी तुम्ही आणि सना मॅडम लोकांच्या घरात अशा आडव्या होऊ लागलात. एका घरात म्हातारे गृहस्थ घाबरले. ‘अगं, मॅडमला चक्कर आली, पानी आन.’

‘चक्कर नाही आली,’ तुम्ही जमिनीवरूनच म्हणालात. ‘तुम्ही झोपल्यावर काय बघता, ते बघतेय.’

‘आमी डोळं मिटतो की,’ ते म्हणाले.

तुम्ही इतक्या हसलात, की फोटो हलला. दुसरा काढावा लागला.

खालचे फोटो मिळाल्यावर यंत्र शहाणे झाले. पत्र्याखाली माती असलेल्या घरांत एक खूण त्याला सापडली, जी तुम्हा दोघींनाही दिसली नव्हती. अशा घरात जुनी भिंत जाड असते, त्यामुळे वरून पाहिले तर पत्र्याच्या बाहेर तिची रुंद कड दिसते. तेवढ्यावरून मॉडेल संशय घेऊ लागले. खात्री देत नव्हते. इथे आधी जाऊन बघा, एवढेच म्हणत होते. तुम्हाला त्याचा फार आनंद झाला. ‘याला आता माहीत नाही म्हणता येतं,’ तुम्ही मला फोनवर सांगितलेत. ‘तुमच्या पेपरला कधी येणार?’

आपले खरे भांडण त्यानंतरचे. नकाशा छापायचा की नाही. मी छापा म्हणत होतो, तुम्ही थांबा म्हणत होता. महिनोन्महिने ते चालले. तुम्ही आजारी पडलात तेव्हा ते शेवटी दवाखान्यात येऊन पोहोचले, आणि तिथेच तुटले.

मी आत आलो तेव्हा तुम्ही उताण्या पडून वर बघत होता. मी काही विचारण्याआधीच म्हणालात, ‘स्लॅब आहे. आल्या आल्या बघून घेतलं.’ मग आपण नेहमीच्या ठिकाणी आलो. मी म्हणालो, पाऊस तोंडावर आलाय, लोक आता माळवदावर आणखी माती टाकतील. लाल घरांना तरी कळू दे.

‘आणि हिरव्यांना?’ तुम्ही विचारलेत. ‘लाल चुकला तर एक घर उगाच घाबरेल. हिरवा चुकला तर ते घर निवांत झोपेल. पेपरात आलंय म्हणून झोपेल.’

‘तुम्ही तपासत बसाल आणि तेवढ्यात जमीन हलेल.’

‘छापून तुमी मोकळे व्हाल,’ तुम्ही म्हणालात. ‘तितं झोपनारा भाऊ माझा हाय.’

सिस्टरने मला बाहेर जायला सांगितले. परवा येतो, असे दारातून म्हणालो. तुम्ही हात वर केलात. तो ‘या’चा होता की ‘जा’चा, ते कळले नाही. परवाची भेट झाली नाही.

त्या भेटीत काय बोलायचे ते मी घरी जाताना ठरवले होते. तुम्हाला सांगायचे राहिले, म्हणून इथे सांगतो. तुमचे बरोबर होते आणि माझेही बरोबर होते, कारण आपण दोन वेगवेगळ्या रंगांबद्दल भांडत होतो. तुमचा आक्षेप हिरव्याला होता, माझी घाई लालसाठी होती. मग लाल छापावा. हिरवा फक्त त्या घराला द्यावा, जिथे कुणीतरी जमिनीवर आडवे होऊन वर पाहिले आहे. बाकीची घरे कोरी ठेवावीत, आणि कोरे म्हणजे सुरक्षित नव्हे, ‘अजून पाहिलेले नाही’, हे मोठ्या अक्षरांत लिहावे. तुम्ही यावर काहीतरी खुसपट काढलेच असते. काय, ते मला शोधून सापडलेले नाही.

गेल्या सोमवारी मी हा प्रस्ताव संपादकांपुढे ठेवला. ते म्हणाले, एवढा कोरा नकाशा छापला तर लोक म्हणतील काम अर्धवट आहे. मी म्हणालो, अर्धवटच आहे आणि तसेच छापायचे आहे. पुन्हा विचारले तेव्हा पुन्हा तेच सांगितले. पान मिळाले आहे. सना मॅडम नकाशा देणार आहेत. त्यांनी एकच अट घातली, की मथळा त्यांना आधी दाखवायचा. ही अट कुणाकडून आली ते मला कळते.

नकाशा शेवटचा तपासताना सना मॅडमनी मला एक गोष्ट दाखवली. तुमच्या माहेरच्या गल्लीतल्या प्रत्येक घराचा खालून काढलेला फोटो संग्रहात आहे. फक्त एका घराचा नाही. शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या घरात तुम्ही आडव्या झाला होता आणि भावाच्या घरी फक्त जेवून आला होता. त्या घराला यंत्राने संशयाची खूण केलेली होती, पण फोटो नव्हता, फोटो आल्याशिवाय रंग बदलायचा नाही हा तुमचाच नियम होता, आणि जुना रंग कुणी काढलेला नव्हता. पडद्यावर ते घर अजून हिरवे होते.

म्हणून काल गेलो. तुमच्या समाजाच्या रीतीप्रमाणे तुम्हाला शेतात बसवून माती दिली, त्या दिवशी गर्दीत बसवराजशी धड बोलणे झाले नव्हते. कालही घरात पाहुणे होते, काही कलबुर्गीकडचे. मराठी आणि कन्नड एकाच वेळी चालू होते. तुमचा फोटो हार घालून मधल्या खोलीत ठेवला आहे. पाणी पिऊन झाल्यावर मी म्हणालो, ‘बसवराज, एक फोटो काढायचा राहिलाय.’

‘अक्काचा?’

‘छपराचा.’

‘तिनं काडला न्हाई व्हय?’

‘नाही.’

‘मी उलटं बोललो होतो तिला,’ तो म्हणाला. मग बायकांना म्हणाला, ‘जरा सरका.’

मी तुमच्या फोटोसमोर जमिनीवर आडवा झालो. पाहुण्यांपैकी कुणीतरी कन्नडमध्ये काहीतरी विचारले. गौरम्मा म्हणाली, ‘अक्काची रीत हाय ती.’ आणि कुणी आणखी विचारले नाही.

फोटो काढून उठणार, तेवढ्यात बसवराज माझ्या शेजारी येऊन लवंडला. हात डोक्याखाली घेतले आणि वर बघू लागला. मधली तुळई खाली वाकली आहे. भिंतीत शिरते तिथे तिला वाळवी लागली आहे, आणि कधीतरी कुणीतरी खालून एक फळी ठोकून तिला आधार दिला आहे. ती फळी त्यानेच ठोकली होती. त्याला आठवावे लागले.

‘रोज हितंच झोपतो की मी,’ तो म्हणाला.

गौरम्माही वर बघत होती.

‘अक्काच्या नकाशात ह्या घराचा रंग कुटला हाय?’

‘हिरवा.’

‘अजून?’

‘अजून.’

मी फोटो सना मॅडमना पाठवला आणि त्यांना फोन लावला. त्यांनी बोलता बोलता फोटो उघडला. मग त्यांनी विचारले, ‘लाल करू का सर? मॅडमच्या भावाचं घर आहे. त्यांना विचारा एकदा.’

फोन स्पीकरवर होता. बसवराजने ते ऐकले. तो वरून नजर न काढता म्हणाला, ‘करा म्हनावं लाल. पाऊस यायच्या आत पत्रा खोलतो मी. हिरवं करायचं आता माझ्याकडं लागलं.’